डोहानं घेतलेली हळद

कारखान्यात सगळे तिला मॅडम म्हणायचे, बदलापूरला घरी माई तिला नीलू म्हणायची, आणि पालेगावची मोतीबाई म्हणायची, "पान्याची बाय". हे तिसरं नाव नीलिमाला आधी फार आवडलं होतं. पुढे त्या नावाची हाक आली की तिच्या अंगावर काटा यायचा. पण ते मागाहून. आधी पाण्याचं सांगायला हवं.

पाणी म्हणायचं म्हणून म्हणायचं. अंबरनाथच्या एमआयडीसीतून एक नाला निघतो, पालेगावच्या शेतांच्या कडेकडेनं जातो आणि गावाबाहेर काळ्या कातळात एका खोलगट जागी थांबतो. तो डोह. नाल्याच्या तोंडाशी रेवाचंद शेठचा रंगाचा कारखाना आला आणि तेव्हापासून डोहानं कोणता रंग नेसायचा हे शेठच्या ऑर्डरी ठरवू लागल्या. बहुतेक वेळा लाल. कधी उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांची मागणी आली की निळा. सकाळी ओट्यावर उभ्या राहून बाया एकमेकींना विचारायच्या, आज काय नेसलाय गो डोह, आणि खिदळायच्या. खिदळायच्या, पण त्यात पायाचं बोट बुडवायच्या नाहीत. म्हशीसुद्धा लाल पाणी दिसलं की मान फिरवायच्या. तेवढं शहाणपण त्या रंगानं गावाला फुकटात दिलं होतं.

डोहाच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा, पाण्यातल्या बाया. त्यांचा राग-लोभ कळायची पालेगावची एक रीत होती. करवंटीत डोहाचं पाणी घ्यायचं आणि वर चिमूटभर हळद सोडायची. पिवळी राहिली तर बाया शांत आहेत. कुंकवासारखी लाल झाली तर रागात आहेत, पाण्याला हात लावायचा नाही. कारखाना आल्यापासून हळद दर खेपेला लालच व्हायची. नीलिमाला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गंमत वाटली. हळदीचा हात साबणानं धुतला की लाल होतो, तसंच ते. पाण्यात क्षार आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण मनातल्या मनात तिनं त्या रीतीला शंभरातले शंभर मार्क दिले होते, कारण निष्कर्ष बरोबर होता.

मोतीबाईचं प्रकरण मात्र निराळं होतं. तिची थोरली मुलगी विठा, कारखाना यायच्या आधी, एका आषाढात त्या डोहात गेली. कपडे धुवायला गेली होती. अंगावर नवा लाल परकर होता. गावानं दोन्ही काठ पालथे घातले, देह काही मिळाला नाही. आसरांनी नेली, म्हणाले लोक, आणि तसं म्हटल्यानं आईला बरंच वाटलं. नेली म्हणजे आहे. कुठंतरी आहे, खाली, बायांमध्ये. मोतीबाई रोज काठावर बसून पाण्यात बघायची. मग रंग आला आणि तळ दिसेनासा झाला. लेक दुसऱ्यांदा गेली म्हणायची ती.

मोतीबाईचा मुलगा कमळाकर रेवाचंद शेठकडेच कामाला होता. आता ज्या कारखान्यानं बहिणीवर पडदा ओढला तिथंच नोकरी का, असं विचारणारे विचारतात. त्यांना पालेगावात दुसरी नोकरी दाखवायला सांगा.

एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास शेठला प्रदूषण मंडळाची नोटीस आली. रंगीत पाणी सोडाल तर कुलूप. शेठ उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून धावत आला, आणि कधी नव्हे ते लॅबमध्ये बसला. नीलिमा तिथली केमिस्ट, एम.एस्सी. झालेली, नोकरीत नवी, डोक्यात वाचलेलं ताजं. ती म्हणाली, आपण पाण्यातून करंट सोडू. शेठला वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण तिनं काचेच्या बरणीत लाल पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं, दोन ग्राफाइटच्या पट्ट्या बुडवल्या आणि वायर जोडली. पट्ट्यांना बुडबुडे आले. ब्लीचिंग पावडरचा वास सुटला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल पाणी गुलाबी झालं, गुलाबीचं फिकट झालं, आणि मग बरणीच्या पलीकडची भिंत दिसायला लागली.

"गंगाजल हो गया, बेटी," शेठ म्हणाला. बरणी त्यानं तोंडापर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. शेठ काही वेडा नव्हता.

मग मोठी टाकी झाली. कमळाकर मिठाची पोती ओतायचा आणि हसायचा. "मॅडम, आमच्या आज्याचा जन्म मिठागरात गेला. आता नातू रंगाला मीठ लावतोय." टाकी चालू झाली त्या दिवशी नीलिमा स्वतः बाहेरच्या पाइपाजवळ जाऊन उभी राहिली. आधी लाल आलं, मग पांढुरकं, मग स्वच्छ. तिचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोला. आपण शिकलो त्याचं काहीतरी झालं असं तिला वाटलं.

"कमळाकर, पाणी निवळलं," ती म्हणाली.

हा एक शब्द तिनं उच्चारला नसता तर बरं झालं असतं. नीलिमाच्या तोंडी निवळलं म्हणजे रंग गेला. पालेगावात भांडण निवळतं, ताप निवळतो, अंगात आलेली बाई निवळते. कमळाकर घरी गेला आणि आईला म्हणाला, मॅडम सांगते, पानी निवललं.

मोतीबाई करवंटी आणि हळद घेऊनच निघाली. मागून आळीतल्या बाया. तिनं पाणी घेतलं, हळद सोडली. हळद पिवळी राहिली नाही, लालही झाली नाही. बघता बघता फिकी पडली, पांढरी झाली, आणि मग पाण्यात हळद होती की नाही तेही सांगता येईना. आजवर असं कुणी पाहिलं नव्हतं. मग मोतीबाईनंच काय ते सांगितलं.

"घेतली," ती म्हणाली. "बायांनी हलद घेतली."

झालं. गाव लोटलं. कुणी नारळ फोडले, कुणी खणानं ओटी भरली. नीलिमाला मानानं बोलावणं गेलं आणि तीही वेडी हौसेनं गेली. बायांनी तिला कुंकू लावलं. मोतीबाईनं तिच्या चेहऱ्यावरून हात उतरवून बोटं मोडली. आणि मग नीलिमानं डोहात पाहिलं.

तळ दिसत होता. दगडन् दगड दिसत होता. पण दगडांवर शेवाळ नव्हतं. काठाला बेडूक नव्हता, पाण्यावर धावणारे ते लांब पायांचे किडे नव्हते, काही नव्हतं. कुणी हात फिरवून पुसून घेतल्यासारखा तो तळ पांढुरका पडला होता. पाण्यानं हळद घेतली नव्हती, खाल्ली होती. टाकीत तयार झालेलं ब्लीच पाण्यात तसंच उरलं होतं, आणि ते रंग दिसेल तिथं खात होतं. शिवाय त्या लाल रंगाचं काय झालं? तो काही हवेत उडाला नव्हता. त्याचे तुकडे झाले होते, डोळ्यांना न दिसणारे, आणि त्यातले काही मूळ रंगाहून वाईट. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. पाइपाजवळ रडताना विसरली होती.

"दिसते गो," मोतीबाई तिच्या शेजारी बसत हळूच म्हणाली.

"कोण, मावशी?"

"विठा. ती काय, त्या मोठ्या दगडाच्या मागं." तिचा चेहरा आनंदानं उजळला होता आणि तरी कपाळाला आठी होती. "पर पांढरं नेसलंय गो तिनं. जाताना लाल परकर होता. माज्या हातानं शिवलेला. पांढरा कसा झाला?"

ब्लीच झाला असेल, नीलिमाच्या मनात आलं. अगदी सहज आलं. आणि मग आपण काय विचार केला हे तिचं तिला कळलं, तेव्हा भर दुपारी, एवढ्या बायांच्या गर्दीत, ती काठापासून मागे सरली. दगडाच्या मागे काही नव्हतं. तिनं पुन्हा पाहिलं. काही नव्हतंच बहुधा. तिसऱ्यांदा बघायचं धाडस तिला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेठपुढे उभी राहिली. आणखी एक टाकी हवी, कोळशाची गाळणी हवी, पाणी अजून विषारीच आहे. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं. "बेटी, नोटीस में क्या लिखा है? कलर. कलर गया ना? बस."

गावातही सांगून पाहिलं तिनं. लोक हसले. अहो मॅडम, तुम्हीच तर म्हणालात निवळलं. लाल होतं तेव्हा काही बोलला नाहीत आणि आता बोलता होय. एका परीनं खरंच होतं ते. तिथून पुढे तिला धड झोप लागेना. घरी ती पेल्यातल्या पाण्याकडे बघत बसायची. माई विचारायची, काय पडलंय गं त्यात? काहीच नाही, हीच तर भीती होती.

अशातच कमळाकर पेढे घेऊन आला. त्याची बायको काशी बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. "उद्या सवा महिना होतो, मॅडम. काशी पानी पूजायला डोहावर जानार. तुम्ही आलंच पायजे."

"डोहावर? विहिरीवर जायचं ना?"

"आईचा हट्ट. पयला घोट डोहाचा. पोराला आत्याच्या हातचं पानी पाजायचं म्हनते."

नीलिमानं पेढा तोंडाशी नेला होता, तो तिनं तसाच हातात धरून ठेवला. आत्या म्हणजे विठा. सवा महिन्याच्या पोराच्या तोंडात ते पाणी जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पालेगावात गेली. काशी ओट्यावर मुलाला तेल लावत होती. गोरा, गुटगुटीत, मुठी आवळून झोपलेला. नीलिमा मोतीबाईपुढे अक्षरशः पदर पसरायची बाकी राहिली. मावशी, ती हळद बायांनी घेतलेली नाही. औषध आहे पाण्यात, रंग खाणारं. रंगाचे बारीक बारीक तुकडे आहेत त्यात. दिसत नाहीत, पण आहेत.

"कुनाचं तुकडं?" मोतीबाईनं विचारलं. "बाय, तू पानी निवललंस. तुज्यामुलं माजी लेक मना दिसली. आता तूच म्हनतेस नको जाऊ तिच्याकडं? सक्खा भाचा हाय तिचा. तिनं बघू नये?"

काशी खाली मान घालून तेल चोळत होती. नीलिमानं तिच्याकडे पाहिलं. काशीनं वर पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मुलाला जरा आणखी जवळ घेतलं. नकार होता तो, नीलिमाला कळला. सासूपुढे तोंड उघडायची तिची टाप नव्हती, एवढंच.

पूजेला सगळ्या चारला निघणार होत्या. नीलिमा रिक्षानं कारखान्यात परतली. त्या दिवशी लालचाच माल चालू होता. टाकीत जायच्या आधीच्या पाण्याचा हौद काठोकाठ भरलेला. टाकीजवळ करंटच्या खटक्यासमोर ती उभी राहिली. हे यंत्र तिचं होतं. आयुष्यात दुसरं काही तिनं असं उभं केलेलं नव्हतं. जे काम तिच्या बोलण्यानं झालं नाही, ते करणारी एकच गोष्ट आता उरली होती, ती म्हणजे लाली, आणि गाव तिचं पिढ्यान् पिढ्या ऐकत आलं होतं.

तिनं खटका पाडला. पट्ट्यांचे बुडबुडे थांबले. मग तिनं हौदाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, आणि बिनधुतलेलं लाल पाणी धो धो नाल्यात गेलं. त्याच्याबरोबर ती नाल्याच्या कडेनं निघाली. आधी चालत, मग चक्क पळत.

ती पोचली तेव्हा पूजा होत आली होती. सात दगडांपुढे सात दिवे, सात ठिकाणी भात. काशी हिरवी साडी नेसून उभी, मागे कमळाकर, मुलगा मोतीबाईच्या हातावर, आणि मोतीबाई पाण्याच्या अगदी कडेला, करवंटी भरायला वाकलेली. तेवढ्यात वरच्या अंगानं रंग आला. आधी कातळाच्या फटीतून एक बारीक धार. मग दुसरी. मग सगळी रुंदी भरून लाल पाणी डोहात उतरलं आणि तळातल्या पांढऱ्या दगडांवरून पसरत गेलं. बायांच्यात हलकल्लोळ झाला. कोपल्या गो, मागं सरा, मागं सरा. सगळ्या पटापट मागे झाल्या. नीलिमानं सुटकेचा श्वास सोडला.

मोतीबाई मागे झाली नाही.

ती लाल पाण्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळाची आठी गेली होती. इतके दिवस तिला जे खुपत होतं ते एकाएकी सरळ झालं होतं. "आली," ती म्हणाली. "लाल परकर घालून आली गो माजी." तिनं करवंटी टाकली, मुलाला दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि पाण्यात पाऊल टाकलं. "विठे, ह्यो बघ. घे गो तुज्या भाच्याला."

नीलिमाचा पाय उचलेना. हा अर्थ तिच्या ध्यानीमनी आला नव्हता. तिनं लाल रंग भीतीसाठी सोडला होता आणि त्या आईला तो परकर दिसत होता.

हलली ती काशी. कधी सासूपुढे मान वर न केलेली ती पोर धावत गेली, गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिनं सासूच्या हातातून मुलगा हिसकावून घेतला. मूल रडलं. मोतीबाईनं रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि तशीच पुढे गेली, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. कमळाकरनं उडी टाकून तिला ओढून काढलं तेव्हा ती हसत होती, आणि नखशिखान्त लाल होती.

अंगाचा रंग हळूहळू गेला. हातांचा गेला नाही. का, ते काही सांगता येत नाही. तो रंग कातडीवरून जातो, नीलिमाला पक्कं माहीत होतं. कमळाकर कारखान्यात येऊन म्हणाला, आईचं हात निघत नायत, मॅडम, तुमच्या टाकीतलं पानी द्या. नीलिमानं ते दिलं नाही. गोडं पाणी आणि साबण घेऊन ती स्वतः गेली, तर मोतीबाईनं हात पदराखाली लपवले. "राहू दे गो. तिनं धरलं व्हतं."

शेठ पुष्कळ आरडला. पण टाकी चालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नोकरी राहिली. टाकी पुन्हा सुरू करायची त्या सकाळी मोतीबाई गेटपाशी येऊन बसली. वॉचमन हटकत होता, ती हटत नव्हती. नीलिमा बाहेर आली.

"पान्याची बाय," मोतीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "आज चालू करनार काय?"

"करावं लागेल, मावशी."

"मग ती परत पांढरी व्हनार." तिनं लाल हात मांडीवर उलटे ठेवले. "पांढरं नको गो तिला. लगीन बी झालं नाय तिचं."

नीलिमा आत गेली आणि खटक्याशी उभी राहिली. रंग तसाच सोडावा तर तिचं सगळं शिक्षण फुकट. रंग काढावा तर ते गोजिरं पाणी पुन्हा पोरांना बोलावणार. आणि ती मुलगी पांढऱ्यात राहणार. हा शेवटचा विचार तिनं इतर दोहोंच्या बरोबरीनं, तेवढ्याच गांभीर्यानं केला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

तिनं खटका चढवला. रंग गेल्यावर पाणी दुसऱ्या हौदात घेतलं, फोटोवाले वापरतात तो हायपो त्यात घातला, पाण्याची रंग खायची भूक मारली. चाचणीला हळद टाकली, ती गेली नाही. तरीही ते पाणी पिण्याचं नव्हतंच. मग तिनं पर्समधून एक डबी काढली. कॅम्प तीनच्या मिठाईवाल्यांकडे मिळतो तो खायचा लाल रंग होता. बाहेर जाणाऱ्या पाण्यात तिनं तो चमच्यानं सोडला. धुतलेलं पाणी लालसर होऊन नाल्याला लागलं.

ज्या रसायनशास्त्रज्ञ बाईनं पाण्याचा रंग काढला, तीच रोज पाण्याला रंग लावायची, असं पुढे एमआयडीसीत चेष्टेनं सांगायचे. साहेब लोक तपासणीला येणार असले की शेठ तिला हात जोडायचा आणि तेवढा दिवस पाणी स्वच्छ जायचं. पालेगावात अजून सांगतात, नाला निवळ दिसला की आया पोरांना घरात बोलावून दार लावून घ्यायच्या.

पहिल्या दिवशी मात्र कमळाकर शेजारी उभा राहून हे सगळं बघत होता. मीठ, करंट, हायपो, आणि मग हा मिठाईचा रंग. त्यानं तिच्या हातातली डबी घेतली, आत डोकावून पाहिलं, आणि म्हणाला, "थोडा अजून टाका, मॅडम. तिचा परकर गडद होता."

नीलिमानं आणखी एक चमचा टाकला.